सहा डझन पेले

१४ जानेवारी १९७३, रविवार

चर्चमध्ये उपस्थिती चौसष्ट. त्यात एक बाई नवीन.

यमुताईंनी आणली. यमुताई म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून वस्त्यावस्त्यांत बायबल वाचून दाखवत फिरली. आता डोळ्यांनी अर्धंच दिसतं, पण ऐकू सगळं येतं आणि त्याहून जास्त ती ऐकवते. नव्या बाईचं नाव जनाबाई. कुहीकडची. अकरा वर्षं कुष्ठधामात होती, बाप्तिस्माही तिथलाच. रोग गेला म्हणून डॉक्टरांनी दाखला देऊन सोडलं, पण गावाने घरात घेतलं नाही. यमुताईंनी आपली मागची खोली दिली. वय पन्नासच्या आसपास असेल. भुवया नाहीत. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली आहेत.

उपासना झाली की आम्ही दारात उभं राहून एकमेकांना हात देतो, सलाम म्हणतो. ही बाई दारापासून चार पावलं लांब, हात पदराखाली घेऊन उभी राहिली. हात द्यायचा प्रसंगच तिने कुणावर येऊ दिला नाही. समजूतदार वाटली.

यमुताईंच्या हातून तिने स्थलांतर पत्र दिलं. तिथल्या पाळकाने लिहिलंय की सदर भगिनीस आपल्या मंडळीत सामावून घ्यावे. सेक्रेटरी मी, सभासदांचं रजिस्टर माझ्याकडे असतं. म्हटलं, कमिटीपुढे ठेवतो. ती म्हणाली, "ठेवा ना बापू. मले कोनती घाई हाय?"

१७ जानेवारी, बुधवार

शोभाचं म्हणणं, रजिस्टरात एक नाव लिहायला कमिटी कशाला हवी. मी तिला सांगितलं, टपालखात्यात छत्तीस वर्षं काढली, एक पाकीट नियम सोडून पुढे सरकवलं नाही. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते. पत्र आलंय ना, मग पोचवा की." बायकोशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, हा बत्तीस वर्षांचा अनुभव.

लोक मला पोस्टमास्तर म्हणतात. मी सॉर्टर होतो, पत्रं निवडून लावणारा. रोज किती जणांना दुरुस्त करणार.

२८ जानेवारी, रविवार

उपस्थिती अठ्ठावन्न. थंडीमुळे असेल.

जनाबाई सगळ्यांत मागच्या बाकावर बसते. यमुताईंची पुढची जागा ठरलेली आहे. तिथे त्या हिला ओढत होत्या, पण ही गेली नाही. त्या बाकावर पाच माणसं आरामात मावतात. आज पुढच्या बाकांवर सहा-सहा जण दाटीने बसले होते आणि मागे ही एकटी. गाणी तिला पाठ आहेत. आवाज चांगला आहे, आमच्या गायकवृंदातल्या दोघींपेक्षा नक्कीच चांगला. हे मी इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. आमच्याकडची पद्धत मिशनरी साहेबांच्या वेळेपासूनची आहे. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देतात आणि मग द्राक्षरसाचा एकच पेला प्रत्येकाच्या ओठांना लावतात. मध्ये फडक्याने काठ पुसतात. शेवटी उरेल ते पाळकाने प्यायचं, पेल्यात काही ठेवायचं नाही.

जनाबाई थांबून राहिली. सगळे जाऊन आले, आपापल्या जागी बसले, तेव्हा उठली. म्हणजे तिच्यामागून कुणाला प्यायला लागू नये. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाळक साळवे यांनी तिच्या ओठांना पेला लावला, काठ पुसला आणि उरलेलं स्वतः प्याले, दर महिन्याला पितात तसंच.

पाळक अजून चाळिशीचे नाहीत. घरात दोन लहान मुली आहेत. मला त्यांची काळजी वाटली.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून तीन घरची माणसं येऊन गेली. शेवटी धोंडबाजी आले. ते कंपाउंडर होते, आता रिटायर. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मास्तर, रोग गेला हे मलेही कळते. मी सोताच्या हातानं त्या गोळ्या वाटल्या. पन माही सून पोटुशी हाय. ती म्हणते, मी त्या पेल्याले तोंड लावणार नाही. तिले काय सांगू?" मी म्हटलं, जनाबाई तर सगळ्यांच्या शेवटी प्यायली. ते म्हणाले, "या महिन्यात. अन् पेला तर तोच राह्यते ना?"



९ फेब्रुवारी, शुक्रवार

कमिटी बसली. सात जण. दोन तास झाले तरी तिचं नाव कुणी घेईना. 'तो विषय' म्हणत होते. पाळक एवढंच म्हणाले, "येशूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग बरं केलं. आपल्याकडे तर बरी होऊन आलेली बाई आहे." कबूलही कुणी केलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मग मी तोडगा काढला. एका पेल्यातून साठ माणसांनी पिणं हे आजच्या काळात आरोग्याला धरून नाही. क्षय आहे, सर्दी-पडसं आहे. मोठ्या शहरांतल्या काही मंडळ्यांत आता लहान लहान काचेचे पेले असतात, एकेकाला एक. कठड्याशी जायचंही काम नाही, ट्रे बाकावर येतो. धोंडबाजींनी लगेच अनुमोदन दिलं. पाच हात वर झाले, माझा सहावा. पाळकांनी हात वर केला नाही, विरोधही केला नाही. एवढंच विचारलं, "तिला कोण सांगणार?" मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, पेले सगळ्यांनाच आहेत.

ठरावात तिचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. कुणाचं मन दुखलं नाही आणि काम झालं. बऱ्याच दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं. नाव दाखल करायचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पेल्यांसाठी इतवारीत गेलो. भांडेबाजारात हातगाड्यांतून वाट काढता काढता धोतराचा सोगा फाटला. दुकानदाराला म्हटलं, अगदी लहान काचेचे पेले हवेत, सहा डझन. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पार्टी आहे का बाबूजी?" म्हटलं, चर्चला हवेत. तो म्हणाला, "बरं बरं." त्याचा विश्वास बसला नसावा. औषधाच्या मापाएवढे पेले मिळाले, अंगठ्याएवढ्या उंचीचे, खाली निमुळते. सुताराकडून लाकडी ट्रे करून घेतोय, पेला बसेल एवढी भोकं पाडलेला. दोन दिवसांत देतो म्हणालाय, म्हणजे आठ दिवस धरावे.

३ मार्च, शनिवार

ट्रे आला. काम सुबक आहे. घरी तालीम घेतली. पेल्यांत पाणी भरलं आणि शोभाला खुर्चीवर बसवून ट्रे पुढे केला. तिने एक पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाली, "फारच बारीक आहे हो. चिमटीतच धरावा लागतो." म्हटलं, घोटभरच तर घ्यायचं असतं. ती बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसली. मग उद्याच्या रसासाठी मनुका उकळायला ठेवायच्या म्हणून उठून गेली. एकंदरीत तिला पसंत पडले.

४ मार्च, रविवार

नव्या पद्धतीचा पहिला दिवस. प्रवचन चालू असताना मी माणसं मोजली आणि चिठ्ठी बाजूच्या खोलीत पाठवली. शोभाने तेवढे पेले मनुकांच्या रसाने भरून ठेवले. मी ट्रे बाकाबाकावर नेला. वाटणाऱ्याने आपला पेला शेवटी घ्यायचा, असं ठरवलं आहे. कुठे सांडलं नाही. आधीपेक्षा बारा मिनिटं वाचली. धोंडबाजींची सून बऱ्याच दिवसांनी आली होती. तिने पेला घेतला.

जनाबाईने मात्र घेतला नाही. भाकर तिने दोन्ही तळव्यांत घेतली होती. ट्रे पुढे केला तर पेल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पदरातच ठेवून म्हणाली, "न्या बापू पुढं." पुढे कुणी नव्हतं, तो शेवटचाच बाक. मी ट्रे घेऊन परत आलो.

प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःचं मन तपासावं अशी शिकवण आहे. तिच्या मनाची तयारी झाली नसेल. त्यात दुसऱ्याने पडू नये. खरं सांगायचं तर मला थोडं हलकंच वाटलं.

११ मार्च, रविवार

उपस्थिती सहासष्ट. जनाबाई गैरहजर.

१८ मार्च, रविवार

उपस्थिती एकोणसत्तर. यंदाचा उच्चांक. ट्रेचा गुण दिसतो आहे. जनाबाई गैरहजर. यमुताई आल्या होत्या, पण दारात मला हात न देता पुढे गेल्या. दिसलो नसेन.

शोभा हल्ली दुपारची कुठेतरी जाते. विचारलं तर म्हणते, "यमुताईंना वाचून दाखवायला." चांगलं आहे.

२२ मार्च, गुरुवार

यमुताईंचा निरोप आला. जनाबाई परत कुष्ठधामात चालली, तिचं पत्र परत करा. म्हटलं, स्वतःच्या मर्जीने जाते आहे तर आपण कोण अडवणार. पत्र घेऊन चार वाजता गेलो.

यमुताई बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "या. काहून गा पोस्टमास्तर, इतके दिवस नाही आले, अन् कागद वापस द्याले बरे धावत आले?" जनाबाईने चहा केला. मला कपात दिला, ताटलीत ठेवून, ताटली दोन्ही मनगटांवर तोलून. मी चहा घेतला. ही गोष्ट लिहिण्यासारखी नाही, पण लिहितो, कारण घेण्याआधी मी थांबलो होतो आणि ते तिला दिसलं.

मग ती उंबऱ्याशी बसली आणि आपला चहा प्यायली. पितळेच्या मोठ्या वाटीतून. वाटी दोन्ही तळव्यांच्या मधोमध दाबून धरलेली, कोपरं गुडघ्यांवर टेकलेली. बोटांचा त्यात काही संबंध नाही. ती तळव्यांनी पिते.

मी पाहत राहिलो. विचारलं, "त्या दिवशी पेला का नाही घेतला?" विचारताना उत्तर माझ्या डोळ्यांसमोरच बसलं होतं.

"कसा धरू बापू? ह्या बोटाईले काई समजत नाई. इतकासा पेला. धराले गेली असती तर सांडवला असता. देवाचं हाय ते."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगनार होतो. मंग मले वाटलं, तुमी समजूनच आनले असन."

ती रागाने बोलली नाही. आज दूध पातळ आहे म्हणावं, तशी बोलली. यमुताई म्हणाल्या, "द्या आता उत्तर."

मी म्हटलं, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हे खरं आहे. समजून आणले असते तर एक वेळ परवडलं असतं. तो ठराव आम्ही केला तो हिच्यामुळे, दोन तास बोललो ते हिच्याबद्दल, इतवारीत मी धोतर फाडून घेतलं ते हिच्यापायी, आणि हिच्या हातांचा विचार सातांपैकी एकानेही केला नाही. सगळ्यांत हुशार मी, मीच तोडगा काढला. मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

तिला म्हटलं, पत्रावर शेरा मारायचा राहिलाय, पहिल्या तारखेच्या रविवारपर्यंत थांबा. ती म्हणाली, "थांबतो. सोमवारी सकायच्या मोटरनं जातो." शेरा तसा काही मारायचा नसतो.

२५ मार्च, रविवार

उपासनेनंतर कमिटी बोलावली. जुना पेला परत आणावा असं मी मांडलं, कारणही सांगितलं. पाळक म्हणाले, "मी कधीही तयार आहे." बाकी पाच जणांना तिचं वाईट वाटलं, खरोखर वाटलं, पण ठराव ठराव असतो म्हणाले. आरोग्याचा मुद्दा तुम्हीच मांडला होता, असंही म्हणाले. दोनाविरुद्ध पाच. धोंडबाजी म्हणाले, "कुणीतरी तिच्या तोंडाले लावून द्यावा." कुणी, ते सांगितलं नाही.

घरी येऊन शोभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ट्रे नेणारा शेवटी पितो ना?" म्हटलं, हो, म्हणजे मी. म्हणाली, "आणि जनाबाई शेवटच्या बाकावर." म्हटलं, हो. "बरं," म्हणाली. का विचारलं ते काही कळलं नाही.

१ एप्रिल, रविवार

सविस्तर लिहितो.

जनाबाई आली होती, शेवटच्या बाकावर. प्रवचनात दोनदा मोजलं, तिला आणि मला धरून एकसष्ट. चिठ्ठी आत पाठवली. ट्रे घेऊन निघालो. काय करायचं ते मी रात्रीच ठरवलं होतं. तिच्या ओठांना पेला लावायचा, पेला परत ट्रेत ठेवायचा, मग आपला घ्यायचा. साधं काम आहे. तरी चौथ्या बाकापासून मी उरलेले बाक मोजत चाललो.

शेवटच्या बाकाशी पोचलो तेव्हा ट्रेत एकच पेला होता.

मी ट्रेवर पुन्हा नजर फिरवली. भोकं रिकामी. एकसष्टचे साठ भरले गेले होते. मागे वळून शोभाला खूण करावी, तर ती खोलीच्या दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती आणि जागची हलत नव्हती. सगळी मंडळी पुढे तोंड करून बसली होती, पण कान मागे होते.

ट्रे बाकावर ठेवला. पेला उचलून तिच्या ओठांना लावला. तिने अर्धा घेतला आणि तोंड बाजूला केलं. ट्रेकडे बघून हळू विचारलं, "तुमचा कुटं हाय?"

"हाच."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. मग उरलेलं प्यालो. भीती वाटत होती, कबूल करतो. प्यायल्यावर गेली असंही नाही. पण जनाबाई रडत होती आणि पुसायला तिला पदर नीट धरता येत नव्हता, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. ट्रे परत न्यायचा असतो हे विसरलो. पाळकांनी माझ्यासाठी थांबून शेवटची प्रार्थना केली.

नंतर खोलीत जाऊन शोभाला विचारलं, एकसष्ट लिहिलं होतं, साठ कसे भरलेस? म्हणाली, "चुकले असेन." लग्न झाल्यापासून हिच्या हातून पोळी कधी कमी पडली नाही की उरली नाही. वय होतंय, दुसरं काय.

तेवढ्यात धोंडबाजी आत आले. म्हणाले, "मास्तर, वाईट नका मानू. मी नाही, लोक म्हणून राहिले. पुढच्या महिन्यापासून तुमचाही पेला वेगळा ठेवावा म्हणतात."

मला राग यायला हवा होता. म्हटलं, "ठेवा ना. मागच्या बाकावर ठेवा. आम्हाला दोघांना एक पुरतो."

शोभा पेले धूत होती. पाठ न वळवता म्हणाली, "तिघांना."

बाहेर आलो तर जनाबाई यमुताईंसोबत फाटकाशी थांबली होती. मी खिशातून पत्र काढून पुढे केलं. म्हटलं, उद्याची मोटर आहे ना, हे घ्या. तिने हात पदरातून काढले, पण पत्र घेतलं नाही. म्हणाली, "राहू द्या तुमच्यापाशीच. मोटर काय, रोजच जाते." आणि हात तसाच पुढे राहिला. मी तो हातात घेतला आणि सलाम म्हटलं. हात गरम होता, थोडा खरखरीत.

घरी येऊन जेवणाआधी रजिस्टर काढलं आणि तिचं नाव लिहिलं. कमिटीला विचारलेलं नाही.